शंका-समाधान : मेंदूच्या गाठीच्या रिपोर्टमधले ‘ॲम्प्लिफाइड’

मेंदूच्या गाठीच्या बायोप्सी रिपोर्टबद्दल आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. बहुतेकांचे बोट एकाच ओळीवर आहे: ‘ईजीएफआर ॲम्प्लिफाइड’, नाहीतर ‘एमवायसीएन ॲम्प्लिफाइड’. ईजीएफआर आणि एमवायसीएन ही जनुकांची नावे, आणि ॲम्प्लिफाइड म्हणजे त्यांच्या प्रती वाढलेल्या. रुग्णांची आणि हॉस्पिटलांची नावे काढून पत्रे थोडक्यात दिली आहेत. उपचार काय करायचे ते तुमचे डॉक्टरच ठरवतील. रिपोर्टमधल्या त्या ओळीवरून काय कळते आणि काय कळत नाही, एवढेच इथे पाहू.

प्रश्न (सातारा): वडील ६३ वर्षांचे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या रिपोर्टमध्ये ‘डिफ्यूज ॲस्ट्रोसायटोमा, ग्रेड २ सारखी रचना, जनुकीय तपासणी बाकी’ असे होते. तीन आठवड्यांनी दुसरा रिपोर्ट आला, त्यात तीच गाठ ‘ग्लायोब्लास्टोमा, आयडीएच-वाइल्डटाइप, ग्रेड ४’ झाली. खाली ‘ईजीएफआर ॲम्प्लिफाइड, गुणोत्तर ८.४’ असे लिहिले आहे. तीन आठवड्यांत गाठ एवढी बिघडली, की लॅबने घोळ घातला?

उत्तर: दोन्ही नाही. गाठ तीच आणि स्लाइडही तीच. पहिला रिपोर्ट नुसती स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दिलेला होता, दुसरा जनुके पाहून.

पूर्वी ग्लायोब्लास्टोमा म्हणायचे तर सूक्ष्मदर्शकाखाली दोनपैकी एक गोष्ट दिसावी लागे: मेलेल्या पेशींचा भाग, म्हणजे नेक्रोसिस, किंवा बारीक रक्तवाहिन्यांची बेसुमार वाढ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात हा नियम बदलला. प्रौढ रुग्णात पसरट वाढणारी ॲस्ट्रोसायटिक गाठ आहे, आयडीएच जनुकात बदल नाही (म्हणजे ‘वाइल्डटाइप’), आणि पुढच्या तीनपैकी एक जरी गोष्ट सापडली, तर ती ग्रेड ४ धरायची. ईजीएफआरचे ॲम्प्लिफिकेशन ही एक, टर्ट जनुकाच्या प्रमोटरमधला, म्हणजे जनुक चालू-बंद करणाऱ्या भागातला, बदल ही दुसरी, आणि सातवे गुणसूत्र वाढलेले व दहावे हरवलेले ही तिसरी. अशा गाठी दिसायला गरीब असल्या तरी पुढे ग्लायोब्लास्टोमासारख्याच वागतात, हे बऱ्याच वर्षांच्या नोंदींवरून लक्षात आले होते. शिवाय सर्जनच्या हाती गाठीच्या कडेचा तुकडा आला असेल, तर नेक्रोसिसचा भाग त्यात नसणारच.

आता ८.४ कडे वळू. माणसाच्या पेशीत ईजीएफआर जनुकाच्या दोन प्रती असतात, सातव्या गुणसूत्राच्या जोडीतील प्रत्येकावर एक. या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर बसते आणि ‘वाढा, विभागा’ हा निरोप आत पोचवते. गाठीच्या पेशीत गुणसूत्राच्या नेमक्या या तुकड्याच्या दहा-वीस, कधी शंभराच्या घरात प्रती झाल्या, की त्याला ॲम्प्लिफिकेशन म्हणतात. फिश तपासणीत ईजीएफआरला लाल आणि सातव्या गुणसूत्राच्या मध्यबिंदूला हिरवा चमकणारा ठिपका लावतात आणि केंद्रके एकेक करून मोजतात. समजा १०० केंद्रकांत हिरवे ठिपके २२० आणि लाल १,८४८ भरले, तर भागाकार ८.४ येतो. निरोगी पेशीत तो १ च्या आसपास असतो. २ किंवा त्याहून जास्त म्हणजे ॲम्प्लिफाइड, असे बहुतेक लॅब धरतात.

हा आकडा तापासारखा वाचू नका. ८.४ पेक्षा १५ वाल्याची गाठ जास्त वाईट, असे काही नाही. लाल ठिपके एकमेकांत मिसळून ढगासारखे दिसू लागले, की मोजणारा ‘वीसपेक्षा जास्त’ लिहून पुढच्या केंद्रकाकडे जातो. त्यामुळे मोठ्या गुणोत्तराचा नेमकेपणा तसाही कागदावरचाच असतो. आयडीएच-वाइल्डटाइप ग्लायोब्लास्टोमापैकी साधारण ४० टक्क्यांत हे ॲम्प्लिफिकेशन सापडते. एकदा ग्लायोब्लास्टोमा हे निदान पक्के झाले, की ईजीएफआर ॲम्प्लिफाइड असण्या-नसण्याने आयुर्मानाचा अंदाज फारसा हलत नाही.

एक गोष्ट मात्र विचारून घ्या: आयडीएच कशाने तपासले? नुसत्या रंगाच्या तपासणीत, म्हणजे आयएचसीत, आयडीएच१ मधला सर्वांत नेहमीचा एकच बदल कळतो. स्लाइडवर गाठ ग्रेड २ सारखी दिसत असेल, तर बाकीचे बदल सिक्वेन्सिंगने पाहायला हवेत. तुमच्या वडिलांच्या बाबतीत निदान त्याने उलटेल असे वाटत नाही. ईजीएफआरचे ॲम्प्लिफिकेशन आणि आयडीएचमधला बदल एकाच गाठीत जवळजवळ कधीच सापडत नाहीत.

प्रश्न (ठाणे): एका लॅबने आयएचसीवर ‘ईजीएफआर ३+’ दिले. दुसरीने फिशवर ‘ॲम्प्लिफिकेशन नाही, सातव्या गुणसूत्राची पॉलिसोमी’ म्हटले. खरे कुणाचे?

उत्तर: दोघांचेही. आयएचसी प्रथिन किती आहे ते सांगते आणि फिश जनुकाच्या प्रती किती आहेत ते. प्रती वाढल्या की प्रथिन बहुतेक वेळा वाढतेच, पण उलटे खरे नाही. दोनच प्रती जोरात कामाला लागल्या तरी स्लाइड गडद तपकिरी होते. म्हणून ग्रेड ठरवताना आयएचसीचे ३+ चालत नाही. ही ०, १+, २+, ३+ अशी पट्टी स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीतून उचललेली आहे. तिथे तिला उपचाराचा आधार आहे, इथे नाही.

पॉलिसोमी म्हणजे सातव्या गुणसूत्राच्याच प्रती तीन, चार, पाच झाल्या. मग लाल आणि हिरवे दोन्ही ठिपके बरोबरीने वाढतात, जसे ३९० लाल आणि ३७० हिरवे. गुणोत्तर येते १.०५. याला ॲम्प्लिफिकेशन म्हणत नाहीत, पण म्हणून रिपोर्ट बाजूलाही टाकू नका. सातवे वाढलेले आहेच. त्याच गाठीत दहावे गुणसूत्र हरवलेले निघाले, तर वर सांगितलेल्या तीनपैकी तिसरी अट पुरी होते. गाठ आयडीएच-वाइल्डटाइप असेल आणि दिसायला ग्रेड २ किंवा ३ असेल, तर दहाव्याची तपासणी झाली का, हे पॅथॉलॉजिस्टना जरूर विचारा.

प्रश्न (लातूर, लॅब टेक्निशियन): आमच्याकडून पाठवलेल्या मेंदूच्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या तुकड्यावर) फिश करताना ‘सिग्नल नाही, तपासणी निष्फळ’ असा शेरा वारंवार येतो. चूक आमची की त्यांची?

उत्तर: पत्रावरून ते ठरवता येणार नाही. पण अशा वेळी बिघाड बहुतेकदा ऑपरेशन थिएटर आणि ब्लॉक यांच्या दरम्यान झालेला असतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

तुकडा सलाइनमध्ये किंवा ओल्या गॉजमध्ये तासन्‌तास पडून राहिला, की पेशी फुगतात आणि आतला डीएनए तुटायला लागतो. तो तासाभरात फॉर्मेलिनमध्ये गेला पाहिजे, आणि फॉर्मेलिन तुकड्याच्या निदान दहापट हवे. लहान बाटलीत कोंबलेला मोठा तुकडा बाहेरून पक्का आणि आतून कच्चा राहतो, कारण फॉर्मेलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरते. मोठा तुकडा असेल तर काप घेऊनच टाका.

फॉर्मेलिन बफर केलेलेच वापरा. नळाच्या पाण्यात मिसळलेले बिनबफरचे फॉर्मेलिन हळूहळू आम्लधर्मी होत जाते. फॉर्मिक ॲसिड तयार होते आणि ते डीएनएचे तुकडे करते. शिवाय स्लाइडवर काळपट-तपकिरी कण बसतात, हे तुम्ही पाहिलेच असतील. एक लिटरसाठी प्रमाण असे: बाजारातले ३७ ते ४० टक्क्यांचे फॉर्मेलिन १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. पीएच ७ च्या आसपास आहे का, ते पट्टीने पाहून घ्या. तुकडा यात ६ ते ४८ तास ठेवा. शनिवारी आलेला तुकडा सोमवारी उचलला तर बहुधा निभावते. जोडून सुट्ट्या आल्या आणि तो पाच दिवस तसाच राहिला, तर मात्र प्रथिनांची जाळी इतकी घट्ट होते की प्रोब, म्हणजे जनुकाला चिकटून चमकणारा डीएनएचा तुकडा, आत शिरत नाही.

कवटीला चिकटलेल्या गाठीत हाड असते. ते मऊ करायला नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरले, तर त्या ब्लॉकवर फिश विसराच. वेळ लागला तरी ईडीटीए वापरा, किंवा हाड नसलेला तुकडा आधीच वेगळ्या ब्लॉकमध्ये घाला. फ्रोझनसाठी, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच्या झटपट तपासणीसाठी, गोठवलेला तुकडाही शक्यतो पाठवू नका, बर्फाच्या कणांनी केंद्रके फाटलेली असतात. कॉटरीने भाजलेल्या कडांचेही तसेच.

स्लाइड पाठवणार असाल तर चार्ज्ड काचेवर ४ ते ५ मायक्रॉनचे सेक्शन घ्या. त्याहून जाड घेतले तर केंद्रके एकावर एक चढतात आणि दोन पेशींचे ठिपके एकीचे समजून मोजले जातात. पातळ घेतले तर केंद्रक अर्धेच कापले जाते आणि असलेले ठिपके निसटतात. त्याच ब्लॉकचा एच अँड ई (नेहमीच्या रंगाचा) सेक्शन सोबत द्या, आणि पॅथॉलॉजिस्टकडून गाठीचा जिवंत भाग पेनने वर्तुळ करून घ्या. नेक्रोसिसवर प्रोब घालून काही मिळत नाही.

फिश करणाऱ्यांच्या बाजूला सर्वांत जास्त बिघडते ते पेप्सिनचे पाऊल. ३७ अंशांवर किती मिनिटे, हे प्रत्येक ऊतीप्रमाणे बदलते. वेळ कमी पडली तर केंद्रकांवर हिरवट धूसरपणा राहतो आणि ठिपके फिके दिसतात. जास्त झाली तर केंद्रके पोकळ होतात आणि केंद्रक रंगवणाऱ्या डॅपीचा निळा रंग कडेपुरता उरतो. जास्त वेळ फॉर्मेलिनमध्ये राहिलेल्या तुकड्याला पेप्सिन जास्त लागते. म्हणून तुकडा फॉर्मेलिनमध्ये कधी टाकला आणि कधी काढला, या दोन वेळा फॉर्मवर लिहून पाठवा. बहुतेक जण तो रकाना रिकामा सोडतात आणि तिकडचा टेक्निशियन अंदाजाने पेप्सिन घालतो. हायब्रिडायझेशन, म्हणजे प्रोब जनुकाला चिकटणे, रात्रभर ३७ अंशांवर होते. नंतरची धुलाई ७२-७३ अंशांवर साधारण दोन मिनिटे असते. पाणी गार असेल तर सगळीकडे लाल धूळ बसते आणि जास्त तापले तर प्रोबच धुऊन निघतो. कव्हरस्लिपखाली बुडबुडा राहिला, तर तेवढ्याच गोल भागात सिग्नल नसतो.

निष्फळ तपासणी आणि ‘ॲम्प्लिफिकेशन नाही’ यांतला फरक ओळखायला स्लाइडवरच साक्षीदार असतो. गाठीतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी निरोगी असतात, त्यांत दोन लाल आणि दोन हिरवे ठिपके दिसायलाच हवेत. तिथेही काही नसेल तर रिपोर्ट देऊ नये, स्लाइड पुन्हा करावी.

प्रश्न (नाशिक): मेहुण्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगात ‘ईजीएफआर पॉझिटिव्ह’ आले, गोळी सुरू झाली आणि गाठ कितीतरी आटली. आता पत्नीच्या मेंदूच्या गाठीतही ईजीएफआर आहे. तीच गोळी आपल्याकडे स्वस्तात मिळते. डॉक्टर देत का नाहीत?

उत्तर: आलेल्या पत्रांत हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जनुकाचे नाव एकच असले तरी बिघाड वेगळा आहे. फुप्फुसात ईजीएफआर प्रथिनाच्या पेशीच्या आतल्या भागात बदल होतो, मुख्यतः एक्झॉन १९ मधली काटछाट किंवा एक्झॉन २१ मधला एका अक्षराचा फरक. जेफिटिनिब, अर्लोटिनिब या गोळ्या त्या बदललेल्या खाचेत घट्ट बसतात. ग्लायोब्लास्टोमात मुळात प्रती वाढलेल्या असतात, आणि जिथे बदलही असतो तिथे तो पेशीच्या बाहेर डोकावणाऱ्या भागात असतो. त्यातला सर्वांत नेहमीचा म्हणजे ईजीएफआर-व्ही-थ्री. यात एक्झॉन २ ते ७ गळालेले असतात, म्हणजे प्रथिनातली २६७ अमिनो आम्ले गायब. बाहेरून निरोप येवो न येवो, असे प्रथिन सतत चालूच राहते. ॲम्प्लिफाइड गाठींपैकी जवळजवळ निम्म्यांत ते सापडते. आतली खाच मात्र फुप्फुसातल्यासारखी नसते, त्यामुळे त्याच गोळ्यांची पकड ढिली पडते. त्यात मेंदू आणि रक्त यांच्यामधला अडसर ओलांडून औषध पुरेशा प्रमाणात आत जात नाही. हा निरोप आवरणारे पीटेन जनुक गेलेले असेल, तर वरचा निरोप बंद करूनही खालचे यंत्र चालू राहते.

याहून पेचाची गोष्ट म्हणजे या जादा प्रती राहतात कुठे. बऱ्याच गाठींत त्या गुणसूत्रावर नसतातच. डीएनएची छोटी वर्तुळे होऊन त्या केंद्रकात सुट्या फिरत असतात. या वर्तुळांना मध्यबिंदू नसतो, म्हणून पेशी विभागताना त्यांची समान वाटणी होत नाही. मूठभर पेढे न मोजता वाटावेत तसे, एकीच्या वाट्याला वीस तर दुसरीला दोन. परिणामी एकाच गाठीत भरपूर ईजीएफआरवाल्या आणि जवळजवळ बिन-ईजीएफआरवाल्या पेशी शेजारी-शेजारी नांदतात. औषधाने पहिल्या मेल्या तरी दुसऱ्या उरतात. रुग्णांच्या गाठींपासून वाढवलेल्या पेशींवर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अर्लोटिनिब दिल्यावर व्ही-थ्री असलेली वर्तुळे घटली, आणि औषध थांबवल्यावर ती पुन्हा आली. काही गाठींत तर एका पेशीत ईजीएफआर आणि शेजारच्या पेशीत पीडीजीएफआरए नावाचे दुसरेच जनुक ॲम्प्लिफाइड असते. एनजीएसच्या (एकाच वेळी अनेक जनुके वाचणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये सगळ्या पेशींची सरासरी येते, त्यामुळे ही दोन्ही नावे एकाखाली एक दिसतात आणि दोन्ही प्रत्येक पेशीत आहेत असा समज होतो.

प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. व्ही-थ्रीविरुद्धची रिंडोपेपिमट ही लस ७४५ रुग्णांच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत उतरली. २०१७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: मुख्य गटात आयुर्मानाचा मध्यक लस घेणाऱ्यांत २०.१ महिने आणि न घेणाऱ्यांत २०.० महिने. गाठ परत आल्यावर ज्यांची पुन्हा तपासणी झाली, त्यांच्यापैकी निम्म्याहून जास्त जणांत व्ही-थ्री उरलेच नव्हते, आणि लस न घेतलेल्यांतही हेच दिसले. पुढे खास ईजीएफआर ॲम्प्लिफाइड रुग्ण निवडून डेपाटक्सिझुमॅब मॅफोडोटिन हे औषध देऊन पाहिले. तिथे १८.९ विरुद्ध १८.७ महिने, वर बहुतेकांच्या डोळ्यांच्या बुबुळाला इजा.

तेव्हा डॉक्टर गोळी देत नाहीत ते कंजूषपणाने नव्हे. परस्पर आणून सुरू तर अजिबात करू नका. जुलाब आणि अंगावर पुरळ हे त्रास आहेतच. शिवाय फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल, तर यकृत या गोळ्या भराभर मोडून टाकते आणि रक्तात पुरेसे औषध राहतच नाही.

ज्याचा फायदा सिद्ध झाला आहे ते २००५ पासूनचे वेळापत्रक असे: रेडिएशन ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशनचे माप), ३० भागांत. त्याच काळात टेमोझोलोमाइड रोज, शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला ७५ मिग्रॅ. पृष्ठफळ १.६ असेल तर १२० मिग्रॅ होतात. मग चार आठवड्यांची विश्रांती. त्यानंतर दर २८ दिवसांतले ५ दिवस, १५० ते २०० मिग्रॅ प्रति चौरस मीटर, अशा सहा फेऱ्या. गोळी उपाशीपोटी घ्यायची. रेडिएशनच्या काळात दर आठवड्याला रक्तपेशी मोजायच्या, प्लेटलेट घसरल्या तर डोस थांबवावा लागतो. नुसत्या रेडिएशनने १२.१ महिने असलेला मध्यक यामुळे १४.६ झाला, आणि दोन वर्षे जगणारे १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. टेमोझोलोमाइडचा उपयोग किती होईल, हे ईजीएफआरवर नाही तर एमजीएमटी जनुकाचा प्रमोटर मिथिलेटेड (रासायनिक खुणेने बंद झालेला) आहे का, यावर अवलंबून असते. पत्नीच्या रिपोर्टमध्ये ती ओळ शोधा.

प्रश्न (कोल्हापूर): मुलगा ७ वर्षांचा. छोट्या मेंदूत मेडुलोब्लास्टोमा, ‘एमवायसीएन ॲम्प्लिफाइड’. इंटरनेटवर वाचून घरचे हबकले आहेत.

उत्तर: नुसत्या एवढ्या ओळीवरून काहीच ठरवू नका. मेडुलोब्लास्टोमाचे चार गट आहेत: डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट ३ आणि गट ४. एकच जनुक वेगवेगळ्या गटांत वेगळे बोलते. गट ४ मधले एमवायसीएन ॲम्प्लिफिकेशन एकट्याने धोका फारसा वाढवत नाही. एसएचएच गटात मात्र ते गंभीर असते, विशेषतः सोबत टीपी५३ जनुकात बदल असेल तर. आणि एमवायसी हे वेगळेच भावंड आहे, नावातल्या एका अक्षराने गल्लत होते. ते आठव्या गुणसूत्रावर असते, मुख्यतः गट ३ मध्ये ॲम्प्लिफाइड सापडते आणि तिथे रोग जास्त जोखमीचा धरतात. एमवायसीएन दुसऱ्या गुणसूत्रावर. रिपोर्टमध्ये शेवटचे ‘एन’ आहे की नाही, ते नीट पाहा.

तेव्हा पहिला प्रश्न, गट कोणता? आयएचसीच्या तीन रंगांनी बरेच भागते. बीटा-कॅटेनिन केंद्रकात दिसले तर डब्ल्यूएनटी. गॅब१ आणि याप१ दोन्ही असतील तर एसएचएच. दोन्ही नसतील तर गट ३ किंवा ४. हे शेवटचे दोन वेगळे करायला मिथिलेशन किंवा जनुकांची अभिव्यक्ती मोजावी लागते. खारघरच्या ॲक्ट्रेकमधल्या (टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रातल्या) संशोधकांनी मायक्रोआरएनए आणि काही जनुकांच्या अभिव्यक्तीवर आधारलेली आरटी-पीसीआर पद्धत २०१३ मध्येच प्रसिद्ध केली आहे आणि ती पॅराफिन ब्लॉकवर चालते.

गट, एसएचएच असल्यास टीपी५३, पाठीच्या कण्याचा एमआरआय, पाठीतल्या पाण्याची तपासणी आणि ऑपरेशननंतर उरलेला भाग, एवढे हातात आल्यावर रेडिएशनचा डोस ठरतो. मेंदू आणि कण्याला सर्वसाधारण जोखमीत २३.४ ग्रे आणि जास्त जोखमीत ३६ ग्रे देतात. गाठीच्या जागेला दोन्हींत ५४ च्या आसपास. सात वर्षांच्या मुलाच्या बुद्धीच्या आणि उंचीच्या वाढीच्या दृष्टीने २३.४ आणि ३६ मध्ये मोठे अंतर आहे, म्हणून गट कळण्याआधी घाई नको. मात्र ऑपरेशननंतर रेडिएशन साधारण चार ते सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवे, तेव्हा ब्लॉक आजच हलवा.

प्रश्न (पुणे, जैवतंत्रज्ञानाची विद्यार्थिनी): ग्लायोमातून सापडलेले जीएलआय जनुक आज ग्लायोमाच्या रिपोर्टमध्ये का दिसत नाही?

उत्तर: कारण ते ज्या गाठीत सापडले तिच्यासारख्या गाठी विरळा निघाल्या. १९८७ मध्ये किन्झलर, फोगलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी एका ग्लायोमात (ग्लायोब्लास्टोमा हा ज्यातलाच एक प्रकार, त्या गाठीत) हे जनुक पन्नासपटीहून जास्त वाढलेले आणि जोरात चालू असलेले पाहिले. पण पुढे तपासलेल्या ग्लायोमांत ते क्वचितच आढळले. बाराव्या गुणसूत्राच्या त्याच पट्ट्यात सीडीके४ आणि एमडीएम२ ही जनुके आहेत आणि ग्लायोब्लास्टोमात ॲम्प्लिफाइड होतात ती मुख्यतः हीच दोन. जीएलआयचे महत्त्व कळले ते एसएचएच मार्गात, म्हणजे पेशीत निरोप पोचवणाऱ्या एका साखळीत. त्या मार्गाचा निरोप शेवटी याच कुटुंबाकडे येतो, आणि त्यातले जीएलआय२ एसएचएच मेडुलोब्लास्टोमात ॲम्प्लिफाइड होते. व्हिस्मोडेगिबसारखे औषध मार्गात वर, स्मूदन्ड या प्रथिनावर काम करते. बिघाड त्याच्या खाली, म्हणजे जीएलआय२ किंवा एमवायसीएनमध्ये असेल, तर वरचा नळ बंद करून उपयोग होत नाही. प्रतींची तपासणी औषध निवडताना खरोखर कामी येते ती अशा ठिकाणी.

प्रश्न (रत्नागिरी): आईच्या गाठीत ईजीएफआर ॲम्प्लिफाइड आहे. आम्ही भावंडांनी रक्त तपासावे का?

उत्तर: नको. हे ॲम्प्लिफिकेशन गाठीच्या पेशींतच घडते, ते वारशाने येत नाही आणि तुमच्या रक्तात शोधून सापडणारही नाही. लहान मुलाच्या एसएचएच मेडुलोब्लास्टोमात टीपी५३ बदललेले असेल, किंवा घरात कमी वयात बऱ्याच जणांना कर्करोग झाला असेल, तर मात्र जनुकीय समुपदेशकाकडे जा.

प्रश्न (नागपूर): पतीचे वय ५८. स्लाइडवर नेक्रोसिस आहे, आयडीएच आयएचसी निगेटिव्ह. लॅबने पाचशे जनुकांचे एनजीएस सुचवले आहे. पैसे मोजकेच आहेत. काय करू?

उत्तर: वय ५५ च्या वर, पूर्वी कमी ग्रेडची गाठ झालेली नाही, नेक्रोसिस आहे आणि आयडीएच आयएचसी निगेटिव्ह, एवढ्यावर ग्लायोब्लास्टोमाचे निदान झालेले आहे. ईजीएफआर ॲम्प्लिफाइड निघाले काय आणि न निघाले काय, पुढचे रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड तेच राहणार. हातात एकाच तपासणीचे पैसे असतील, तर ते एमजीएमटीला घाला.

हिशेब वेगळा पडतो तो तरुण रुग्णात, किंवा नेक्रोसिस नसेल तेव्हा. तिथे आयडीएच१ आणि एटीआरएक्स या दोन जनुकांच्या प्रथिनांची आयएचसी आधी. आयडीएच पॉझिटिव्ह आणि एटीआरएक्स गेलेले असेल तर ॲस्ट्रोसायटोमा, १पी/१९क्यूचा (पहिल्या आणि एकोणिसाव्या गुणसूत्रांचे तुकडे हरवले का, या तपासणीचा) खर्च वाचला. एटीआरएक्स शाबूत असेल तर १पी/१९क्यू करावेच लागते. आयडीएच निगेटिव्ह आणि नेक्रोसिसही नाही, तर टर्ट प्रमोटरचे साधे सिक्वेन्सिंग आणि ईजीएफआरचे फिश यांवर बहुतेक वेळा निकाल लागतो. गाठ मेंदूच्या मध्यरेषेत असेल तर एच३ के२७एम या बदलाची आयएचसी, आणि तरुणात बीआरएएफ जनुकातला व्ही६००ई हा बदल विसरू नये. या बीआरएएफ बदलावर गोळ्या आहेत, आणि त्या काम करतात.

एनजीएस केलेच, तर रिपोर्टमध्ये गाठीच्या पेशींचे प्रमाण किती टक्के लिहिले आहे ते आधी पाहा. तुकड्यात २० टक्केच गाठ असेल आणि तिच्यात ४० प्रती असतील, तर सरासरी ९.६ येते आणि ॲम्प्लिफिकेशन सापडते. चारच प्रती असतील तर सरासरी २.४ येते, आणि यंत्राच्या दृष्टीने ते सामान्यच. अशा वेळी ‘वाढ आढळली नाही’ या शेऱ्याला फारसे वजन देऊ नये.

आणि ब्लॉक लॅबकडून परत मागून घ्या. तो घरी ठेवायचा तर थंड, कोरड्या जागी, रिपोर्टच्या प्रतीसह. विदर्भातल्या मे महिन्यात तो बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, कारण पॅराफिन ५६ ते ६० अंशांना वितळते. दुसऱ्या लॅबला पाठवताना सगळे ब्लॉक एकदम देऊ नका. गाठ जास्त असलेला एक द्या, आणि कोणता नंबर कुणाकडे, कोणत्या तारखेला दिला ते लिहून ठेवा. गाठ परत आली आणि पुन्हा ऑपरेशन झाले, तर त्या नव्या तुकड्याचा ब्लॉक वेगळा मागा. जुन्या ब्लॉकवरची ईजीएफआरची ओळ नव्या गाठीला लागू असेलच असे नाही.